संत्र्याच्या बागेत रोटाव्हेटर बंद, घरी बनवलेलं कटर चालू : पटतं का?

मोर्शीचा_बागवान
आमच्याकडं बाग चांगली म्हणजे कशी, तर काळीभोर, गवताची काडी नाही. शेजारी बांधावर आला की फळं नंतर पाहतो, आधी गवत पाहतो. माझं सरळ म्हणणं आहे की संत्र्याची बाग विना नांगरणी सांभाळावी, फिरत्या पात्यांनी माती उकरणारा रोटाव्हेटर तिथं घालणं बंदच केलं पाहिजे. संत्र्याच्या खाणाऱ्या बारीक मुळ्या बहुतेक वरच्या फूटभर मातीतच असतात, रोटाव्हेटर त्याच तोडतो, त्या जखमेतून फायटोप्थोरा बुरशी शिरते, मग खोडातून डिंक गळायचा डिंक्या रोग आला की आपण खोडाला बोर्डो पेस्ट फासत बसतो. वरून हराळी गवताचे तुकडे करून सगळ्या बागेत तोच लावून देतो, एका वेलीच्या शंभर करतो.

मी गावातल्या वर्कशॉपमध्ये दोन वस्तू बनवून घेतल्या. एक, 24 एचपीच्या मिनी ट्रॅक्टरमागं चालणारं चार फुटी कटर, पाती ट्रकच्या जुन्या कमानपाट्याची, बोल्टवर लोंबती ठेवलेली म्हणजे दगड लागला तर मागं वळतात, वरून जाड पत्रा, मागं साखळ्यांची झालर. दुसरी, झाडाच्या ओळीसाठी बाजूला निघणारा हात, त्याच्या टोकाला वखराची दीड फुटी पास, म्हणजे आडवं पातं. हाताच्या पुढं एक दांडी आहे, ती खोडाला टेकली की हात स्प्रिंगवर आत ओढला जातो आणि झाड मागं गेलं की परत बाहेर. पास दोन इंचांपेक्षा खोल जात नाही, तण कापते, माती पलटत नाही. कापलेलं गवत तिथंच पडतं. मे महिन्यात आमच्या काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या, गवताच्या थराखाली आता तेवढ्या पडत नाहीत.

बोला.

वरूड_काळीमाती
भाऊ, लिहायले बरं वाटते पण तुमचं कटर जुलै-ऑगस्टात बागेत जाते काय हे सांगा. तण जोमात येते तवाच वाफसा नसते, जमीन चिखल असते. आमच्या भारी जमिनीत तवा ट्रॅक्टर घातला तर चाकाच्या चाऱ्या पडतात, त्यात पाणी साचते, आन मंग तुमचा फायटोप्थोरा तिथूनच येते, रोटाव्हेटर काय आन चारी काय. दुसरं, मृग बहारवाल्यानं, म्हणजे पावसाच्या सुरवातीची फुलं घेणाऱ्यानं, काय करावं? मे महिन्यात पाणी तोडून ताण द्यायचा आन इकडं गवत ओल पिऊन राह्यलं, झाड सुकून जाईल. बाया लावून निंदण केलेलं बरं, मजुरी 300 च्या वर गेली तरी झाडाला धक्का नाही लागत.

मोर्शीचा_बागवान
@वरूड_काळीमाती दादा, चाऱ्या उघड्या, रोटाव्हेटर मारलेल्या जमिनीत पडतात. गवताचं मूळ धरलेली जमीन ट्रॅक्टर पेलते, दोन दिवस पावसाची उघाड मिळाली की मी घालतो. लागोपाठ झड लागली तर नाही जमत हे खरं, तेव्हा पाठीवरचा ब्रशकटर. ताणाचं मात्र उलटं पाहा. आंबिया बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीची फुलं, घेणाऱ्याला नोव्हेंबर-डिसेंबरात भारी जमिनीतली ओल लवकर उडवायची असते, तिथं उभं गवत मदतच करते, ताण लवकर बसतो. मृगवाल्यानं फेब्रुवारीपासून गवत जमिनीलगत ठेवायचं, वाढूच द्यायचं नाही. कापलेलं, वाळलेलं गवत पाणी पीत नाही हो.

पंचगंगाकाठ
मूळ मुद्द्यालाच माझा विरोध. पास दोन इंच चालवली काय नि चार इंच, ती मशागतच. विना नांगरणी म्हणायचं आणि दर महिन्याला लोखंड मातीत घालायचं, हे कसलं विना नांगरणी राव? आमच्या कोल्हापूरच्या शेतकरी प्रताप चिपळूणकर साहेबांनी उसात दाखवून दिलंय की तण वाढवायचं, मोठं करायचं, तणनाशकानं जागेवर मारायचं आणि मुळं जमिनीतच कुजू द्यायची. कुजणारं मूळच जमिनीत पोकळी करतं. नेरळचे भडसावळे भातात सगुणा राइस तंत्रात, म्हणजे एसआरटीमध्ये, हेच करतात, गादीवाफा एकदा केला की मोडायचा नाही. तुम्ही डिझेल जाळून, वेल्डिंगला पैसे घालून तण नुसतं वर कापताय, ते पंधरा दिवसांत परत हजर. हराळी तर कापल्यावर अजून पसरते.

मोर्शीचा_बागवान
@पंचगंगाकाठ ऊस वर्षभरात तुटतो, संत्रा पंचवीस वर्षं उभा असतो, त्याच खोडाजवळ दरवर्षी ग्लायफोसेट तणनाशक कसं मारायचं? लहान झाडाची साल हिरवी असते, ती औषध ओढते, खालच्या फांदीवर उडालं की पानं पिवळी, अरुंद, सुतासारखी निघतात. शिवाय आपल्याकडं ग्लायफोसेटला शिफारस आहे चहाच्या मळ्यात आणि बिगरपीक जागेत. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्रानं अधिसूचना काढली की पेस्ट कंट्रोल ऑपरेटरशिवाय कोणी वापरायचं नाही. गावात सगळे मारतात ते वेगळं.

पंचगंगाकाठ
सगळे मारतात हेच तर. आणि मी खोडावर मारायला सांगतच नाही, नोझलवर हूड म्हणजे टोपण लावून ओळींच्या मधल्या पट्ट्यात मारा. ट्रॅक्टरला जुगाड करायचंच असेल तर हूडवाला बूम, म्हणजे नोझलांची आडवी दांडी, बनवा की, पात्यापेक्षा स्वस्त पडेल.

लेथ_आणि_वेल्डिंग
मी शेतकरी नाही, अवजारं बनवतो. जुगाड करणाऱ्यांसाठी थोडं बोलतो कारण आमच्याकडं मोडलेला माल येतो.

लोक भंगारातला रोटाव्हेटरचा गिअरबॉक्स आणतात आणि त्याच्यावर पातं बसवा म्हणतात. रोटाव्हेटरमध्ये स्पीड कमी होतो, पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरचा मागचा फिरता दांडा, मिनिटाला 540 फेऱ्यांवर असताना रोटर साधारण 200 च्या आसपास फिरतो. एवढ्या स्पीडला पातं गवत कापत नाही, ओढून फाडतं, चार पावलांत गुंडाळून बसतं. कटरला स्पीड वाढवणारा गिअरबॉक्स पाहिजे, 540 चे 900 च्या पुढं नेणारा. आता चार फुटी पातं 900 नं फिरलं तर टोकाचा वेग ताशी 200 किलोमीटरच्या वर जातो. त्या वेगानं सुटलेला खडा म्हणजे गोळी. साखळ्यांची झालर मागं तर पाहिजेच पण पुढंही पाहिजे, बरेच जण पुढं लावत नाहीत.

दुसरं, कमानपाट्याला वेल्डिंग मारू नका. पोलाद कडक असतं, वेल्डच्या बाजूला ठिसूळ होतं आणि तिथूनच तडकतं. भोक पाडायचं, चांगला हाय टेन्साईल बोल्ट, लॉक नट, आणि दोन्ही पाती काट्यावर सारख्या वजनाची, नाहीतर गिअरबॉक्सचं बेअरिंग एका सीझनमध्ये जातं. पीटीओ शाफ्टवर प्लास्टिकचं कव्हर असतं, ते अडचण होते म्हणून काढून फेकतात. धोतर, गमछा, ओढणी, काहीही त्यात अडकलं की माणूस आत जातो. बागेवाल्यांनी भांडा पण हे वाचून भांडा.

नाशिक_थॉमसन
आम्ही द्राक्षात हे कधीपासून करतोय, दोन ओळींत मल्चर, म्हणजे गवत बारीक करणारं यंत्र, फिरतो. पण आमची ड्रिपची नळी तारेवर बांधलेली, जमिनीपासून वर. संत्र्यात ही नळी, म्हणजे लॅटरल, खाली लोळते ना? @मोर्शीचा_बागवान तुमची ती स्प्रिंगवाली पास लॅटरल कशी ओलांडते? खरी गोम तिथं आहे, पात्यात बिलकुल नाही.

मोर्शीचा_बागवान
@नाशिक_थॉमसन बरोबर पकडलं. झाडाच्या दोन्ही बाजूंनी लॅटरल आहे. मी पास घालायच्या आधी दोन्ही नळ्या उचलून खोडाच्या बुंध्याशी आत टाकतो, आकडा लावलेली काठी घेऊन एक माणूस पुढं चालतो, मागं ट्रॅक्टर. काम वाढतं हे कबूल. उन्हाळ्यात नळी कडक झालेली असते, वळवताना ड्रिपरजवळ मोडते. बुंध्यालगतचं वीतभर तण शेवटी विळ्यानंच काढावं लागतं, तिथं कोणतंही यंत्र नको.

वरूड_काळीमाती
म्हणजे माणूस लागलाच ना भाऊ 😄 मी तेच म्हणून राह्यलो होतो.

सांगोला_भगवा
डाळिंबवाला बोलतोय. आमच्याकडं मुरमाड जमीन, पाणी टँकरचं, तिथं गवत पाळायची चैन परवडत नाही. आणि तेलकट डाग रोग आला की पहिला सल्ला काय मिळतो, बाग स्वच्छ ठेवा, पडलेली पानं, फळं गोळा करून नष्ट करा. गवतात पडलेलं डागी फळ शोधणार कोण? तोडणीच्या बायका गुडघाभर गवतात शिरायला तयार नसतात, घोणस असते. संत्र्यात चालेल, सगळ्यांना एकच औषध सांगू नका.

पारशिवनी_मृग
दोन्ही बाजूंनी एक गोष्ट कोणी बोललं नाही. गवत ठेवायचं तर कुठलं ते बघा. बांधावर गुळवेल, वासनवेल ठेवली तर फळातला रस शोषणारा पतंग तिच्यावर वाढतो, त्याच्या अळ्या संत्र्यावर नाही, या वेलींवर असतात, आणि मग रात्री येऊन फळाला टोचतो, फळ गळतं. त्या मुळासकट काढाच. गाजरगवत फुलायच्या आत कापा, फुलल्यावर कापलं तर बी सगळीकडं. केना, चिमणचारा राहू द्या. उलट बागवान दादांच्या बाजूचा मुद्दा, उघड्या मातीवर पाऊस पडला की चिखल उडून खालच्या फळांना लागतो आणि फळ तपकिरी होऊन सडतं, गवताच्या थरावर ते कमी होतं. त्यासाठी गवत वीतभर पुरे, कमरेएवढं वाढवलं तर दमटपणानं उलटंच होईल.

माझं विचारणं वेगळंच आहे. ताग पेरून फुलावर आला की चेचून पाडायचा क्रिंपर रोलर कोणी केलाय का? पाईपला पट्ट्या मारून.

लेथ_आणि_वेल्डिंग
@पारशिवनी_मृग एक दिलाय बनवून. बारा इंची एमएस पाईप, दोन्ही तोंडं बंद, आत पाणी भरायला बूच, म्हणजे वजन कमीजास्त करता येतं. पट्ट्या सरळ मारू नका, ट्रॅक्टर दणके खातो, पाईपवर तिरप्या, मधोमध कोन होईल अशा मारायच्या. पट्टीला धार लावायची नाही, देठ चेचलं पाहिजे, तुटलं तर परत फुटतं. ताग त्यानं झोपतो. हराळी, लव्हाळा झोपत नाही, लव्हाळ्याच्या तर गाठी खाली असतात, त्याला रोलर काय आणि कटर काय.

पंचगंगाकाठ
मग लव्हाळ्याला काय? फिरून तणनाशकावरच आलात की नाही?

मोर्शीचा_बागवान
नाही आलो. लव्हाळ्याला सावली आवडत नाही. झाडांचा घेर वाढला, वर गवताचा थर बसला की आपोआप विरळ होतो, माझ्या जुन्या बागेत झालाय. नव्या लागवडीत पहिली तीन-चार वर्षं त्रास देणारच, तिथं बायाच लागतात, यंत्र नाही आणि फवाराही नाही. @लेथ_आणि_वेल्डिंग भाऊ, त्या बारा इंची पाईपची जाडी किती घेतली होती आणि पाणी भरल्यावर मिनी ट्रॅक्टरचं तोंड उचलतं का, तेवढं सांगा. बुधवारी अमरावतीला भंगार बाजारात जातोय.

लेथ_आणि_वेल्डिंग
सहा एमएम. थ्री पॉइंटवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या उचलायच्या जोडणीवर, उचलून फिरवणार असाल तर पाणी न भरता वापरा किंवा पुढं वजनाच्या प्लेटा टाका. मी तर म्हणतो दोन चाकं लावून ओढता करा, उचलायचा नकोच.