प्रतिसाद : विहिरीत उतरण्यापूर्वी

पडीक प्लॉटवरील विहिरीत स्वतः उतरून गाळ पाहण्याचा विचार आपण मांडला आहे. कृपया तसे करू नये, कारण वर्षानुवर्षे न उपसलेल्या विहिरीत प्राणवायू कमी असू शकतो आणि कंदील सोडून पाहिल्याने विषारी वायूंची खात्री होत नाही. कठडा भक्कम असेल तरच, काठावरूनच, दोरीला वजन बांधून पाण्याची पातळी व तळ मोजावा. नागपुरात हे मोजमाप मे महिन्यात घ्यावे. पावसाळ्यानंतर भरलेली विहीर फसवी असते. नंतर पंपाने उपसा करून पाणी पूर्वपातळीला किती तासांत येते ते नोंदवावे, कारण झऱ्याची खरी ताकद तिथेच कळते. पाणी नितळ दिसले तरी प्रयोगशाळेच्या तपासणीशिवाय पिऊ नये. १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय (विष्ठेतून पाण्यात येणारा जिवाणू) मुळीच आढळता कामा नये.