‘आधी गाड्या वाढवा, संशोधन नंतर’ या पोस्टला उत्तर

अपघात_कक्ष
मंडळाच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरते आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: जखमींवर संशोधन म्हणजे असहाय माणसावर प्रयोग, इंदूरनं ते औषधचाचण्यांत एकदा भोगलं आहे, आणि काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक आहेच. गोल्डन अवर, म्हणजे अपघातानंतरचा पहिला तास, पाळा, गाडीतच दोन बाटल्या सलाइन चढवा, १०८ च्या रुग्णवाहिका वाढवा.

‘ठाऊक आहेच’ यालाच माझा विरोध आहे. जखमीच्या पहिल्या काही तासांत सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टींनीच माणसं गेली आहेत.

डोक्याला मार लागला की सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड देत. वर्षानुवर्षं अनेक ठिकाणी देत होते. मग क्रॅश नावाची चाचणी झाली, १०,००८ रुग्णांवर. २००४ साली आकडे आले: दोन आठवड्यांत स्टेरॉइडवाले २१.१ टक्के गेले, न दिलेले १७.९ टक्के.

आता तुमच्या दोन बाटल्या. १९९४ साली ह्यूस्टनमधला अभ्यास आला. छातीत-पोटात गोळी किंवा चाकू लागलेले, रक्तदाब उतरलेले ५९८ जण. रस्त्यातच सलाइन चालू केलेल्यांत ६२ टक्के जगले, ऑपरेशनच्या टेबलापर्यंत थांबवलेल्यांत ७० टक्के. कारण सरळ आहे. दाब वाढला की नुकतीच धरलेली गुठळी निघून येते, रक्त पातळ होऊन गोठायचं मंदावतं, आणि थंड सलाइननं अंग गार पडलं की गोठणं आणखी बिघडतं.

आतला रक्तस्राव रोखायला मांडीच्या धमनीतून फुगा वर सरकवून महाधमनी बंद करायची, याला रीबोआ म्हणतात. ऐकायला इतकं पटणारं दुसरं काही नसेल. ब्रिटनमध्ये चाचणी ९० रुग्णांवर थांबवावी लागली. ९० दिवसांतले मृत्यू फुगेवाल्यांत ५४ टक्के, बाकीच्यांत ४२. निकाल २०२३ चा आहे.

मोजल्याशिवाय यातलं एकही कळलं नसतं.

राजवाडेकर
पोस्ट माझी आहे, त्यामुळे उत्तर मीच देतो.

ह्यूस्टनचा दाखला इथे लावू नका. तिथे चाकू-गोळीचे रुग्ण होते आणि मोठ्या शहरात थेट ऑपरेशनच्या सोयीशी पोचत होते. आपल्याकडे पिथमपूरचा डंपर, बायपासवरची मोटारसायकल आणि हेल्मेट नसलेलं डोकं. डोक्याच्या जखमेत वरचा रक्तदाब एकदा जरी ९० च्या खाली गेला तरी मृत्यूचा धोका दुपटीच्या घरात जातो, हे १९९३ पासून छापलेलं आहे. अशा रुग्णाला सलाइन रोखून धराल तर मेंदू माराल. मानपूर घाटातून माणूस आणताना ‘टेबलापर्यंत थांबा’ म्हणणारा डॉक्टर मला नको.

गाडी वेळेत आली नाही तर तुमच्या चाचणीत घालायला रुग्ण जिवंतच राहणार नाही. म्हणून आधी गाड्या.

अपघात_कक्ष
डोक्याच्या जखमेचा मुद्दा बरोबर आहे. तेवढा मान्य.

पण त्यातून निघतं काय ते बघा. तिकडचा निकाल इकडे लागत नाही, असं तुम्हीच म्हणताय. मग इकडचा निकाल कुठून येणार? इकडेच मोजावं लागेल ना?

आणि ‘वेळेत’ म्हणजे किती? गोल्डन अवर हा शब्द बाल्टिमोरच्या आर. ॲडम्स काउलींमुळे रूढ झाला. साठ मिनिटांची ती रेघ कुठल्या मोजमापातून आली, हे नंतर शोधलं तर पक्का आधार सापडला नाही. २०१० साली उत्तर अमेरिकेतल्या ३,६५६ गंभीर जखमींच्या गाडीच्या वेळा तपासल्या; मिनिटं आणि मृत्यू यांचा संबंध दिसला नाही. आपल्या मोटार वाहन कायद्यात मात्र २०१९ च्या दुरुस्तीनं तो एक तास व्याख्येसकट बसला.

गाड्या वाढवूच नका असं मी कुठेही म्हटलेलं नाही. गाडीत काय करायचं हा माझा प्रश्न आहे.

राजवाडेकर
अमेरिकेत गाडी आठ मिनिटांत आली काय नि बारा मिनिटांत, फरक दिसणारच नाही. इथे फरक तासांचा आहे. जखमी आधी जवळच्या नर्सिंग होममध्ये, तिथून रेफर, मग दुसरीकडे ‘बेड नाही’, मग तिसरं दार. तुमचे ३,६५६ जण हे कधी फिरले होते का? तुम्ही आकडा फेकता नि गप्प बसवू बघता, हे बरं नाही.

हिरवी_सुई
दोघांनी क्षणभर थांबा. गाडीत काय करायचं याचं निदान एक उत्तर २०१० पासून हाताशी आहे: ट्रानेक्झॅमिक ॲसिड, रक्ताची गुठळी विरघळू न देणारं औषध. क्रॅश-२ ही त्याची चाचणी, ४० देश, २७४ रुग्णालयं, २०,२११ रुग्ण. मृत्यू १६ टक्क्यांवरून १४.५ वर. यात सगळ्यांत जास्त रुग्ण भारतातले होते, तेव्हा हे तरी ‘तिकडचं’ म्हणू नका. तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावानं मरणारे कमी होतात. तीन तासांनंतर दिलं तर वाढतात. नंतरच्या, ४०,१३८ रुग्णांच्या हिशेबात दर पंधरा मिनिटांच्या उशिराला फायदा साधारण दहा टक्क्यांनी घटतो.

आता हे प्रत्यक्षात कसं बिघडतं ते सांगते. एक ॲम्प्यूल ५ मिलीची, त्यात ५०० मिलिग्रॅम. पहिला डोस १ ग्रॅम, म्हणजे दोन ॲम्प्यूल १०० मिली नॉर्मल सलाइनमध्ये, १० मिनिटांत. १ मिलीला २० थेंब सोडणाऱ्या सेटनं मिनिटाला २०० थेंब होतात, म्हणजे चिमटा जवळपास पूर्ण उघडा. घाईत हाताला मायक्रो सेट लागला तर ६० थेंबांना १ मिली. दहा मिनिटांचं काम कितीतरी लांबतं आणि कागदावर मात्र ‘दिलं’ अशी खूण पडलेली असते. दुसरं टोक म्हणजे दोन्ही ॲम्प्यूल सिरिंजनं एकदम ढकलणं. त्यानं पडलेला दाब आणखी पडू शकतो. तळहाताच्या मागे निळी २२ नंबरची बारीक सुई लावली तर याचा भरवसा नाही. कोपराच्या खोबणीत हिरवी १८ नंबरची बरी, जमलं तर करडी १६.

दुसरा १ ग्रॅम ८ तासांत. ५०० मिलीत घातला तर मिनिटाला २१ थेंब. सीटीला नेताना ही बाटली बंद होते, परत आल्यावर चालू करायची कुणाला आठवत नाही. रेफर झाला तर दुसऱ्या डोसचं पुढच्या ठिकाणी कळतच नाही, कारण रेफर चिठ्ठीवर ‘इंज. ट्रानेक्झा दिले’ एवढंच असतं. किती वाजता, ते नसतं.

रक्तपेढी
औषधावर सगळं ढकलू नका. वाहून गेलेलं रक्त औषधानं परत येत नाही. माझी तक्रार जुनीच आहे: लाल पेशी देत राहतात आणि प्लाझ्मा, म्हणजे गोठायला मदत करणारा रक्तातला द्रव भाग, मागतात शेवटी. गोठवलेला प्लाझ्मा ३७ अंशांच्या पाण्यात वितळायलाच अर्धा तास जातो. मागणीच चौथ्या पिशवीनंतर आली तर आम्ही काय करणार? २०१५ च्या प्रॉपर चाचणीत ६८० रुग्ण होते. प्लाझ्मा, प्लेटलेट आणि लाल पेशी समसमान दिल्या तर पहिल्या चोवीस तासांत रक्त जाऊन मरणारे ९.२ टक्के, लाल पेशी दुप्पट ठेवल्या तर १४.६. एकूण मृत्यूंत ठाम फरक सिद्ध झाला नाही, हेही सांगतो, नाहीतर अपघात_कक्ष मला धरतील. आणि नातेवाइकाला ‘आधी बदली दाता आणा’ म्हणून अशा वेळी दारात उभं करणं बंद व्हायला हवं.

कागदपत्र
आकड्यांचा ढीग झाला. संमतीबद्दल चकार शब्द नाही.

इंदूरमध्ये औषधचाचण्यांवरून जे झालं ते विसरलात का? रुग्णांना नीट न सांगता चाचण्यांत घेतल्याचे आरोप, विधानसभेपर्यंत गेलेलं प्रकरण, २०१२ साली स्वास्थ्य अधिकार मंचाची सर्वोच्च न्यायालयातली याचिका. ३० जानेवारी २०१३ ला भरपाईचे नियम आले, त्याच वर्षी संमतीचं चित्रीकरण आलं. देशाला हे नियम मिळाले त्यात या शहराच्या रुग्णांचा वाटा मोठा आहे. त्याच शहरात बेशुद्ध माणसावर चिठ्ठ्या टाकून औषध ठरवायचं म्हणता?

सोबत कोण असतं ते बघा. ज्यानं रस्त्यावरून उचलून आणला तो रिक्षावाला. तो कायद्यानं कुणाचाही प्रतिनिधी नाही. दोन तासांनी भाऊ पोचतो. त्याच्यापुढे भरतीचा कागद, एमएलसी म्हणजे पोलीस केसचा, सीटीचा, रक्ताचा, ऑपरेशनचा, भुलीचा. त्यातच सातवा कागद तुमच्या चाचणीचा. तो सही करतो, वाचत नाही. त्याला तुम्ही संमती म्हणणार, मी म्हणणार नाही.

अपघात_कक्ष
सातव्या कागदाबद्दल तुमच्याशी भांडण नाही. म्हणूनच तो कागद त्या वेळी पुढे करूच नये, असं मी म्हणतो.

स्टेरॉइडच्या चाचणीत काही केंद्रांत आधी संमती घेत, काही ठिकाणी नाही. घेणाऱ्या केंद्रांत रुग्णाला चाचणीत यायला सरासरी तासाभराहून जास्त उशीर झाला. आता हिरवी_सुईंचा पंधरा मिनिटांचा हिशेब इथे लावा. सहीसाठी तास घालवलेलं औषध बरंचसं निकामी होऊन रुग्णापर्यंत पोचतं, चाचणी म्हणते ‘उपयोग नाही’, आणि पुढच्या हजारोंना ते मिळतच नाही.

मार्ग आहे. चाचणी योग्य आहे का हे तपासणाऱ्या नीतिसमितीची आधी मंजुरी, उपचार लगेच, आणि नातेवाईक किंवा स्वतः रुग्ण भानावर आला की संपूर्ण माहिती आणि बाहेर पडायची मुभा. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आणीबाणीसाठी ही वाट आहे. अमेरिकेत १९९६ पासून नियम आहे, तिथे तर आधी त्या भागातल्या लोकांशी बोलावं लागतं.

कागदपत्र
अमेरिकेचं नाव काढलंतच तर पूर्ण सांगा. त्याच १९९६ च्या नियमाखाली पॉलिहीम नावाच्या कृत्रिम रक्ताची चाचणी झाली. गाडीत रक्त नसतं म्हणून कृत्रिम, इथवर ठीक. पण रुग्णालयात पोचल्यावर खरं रक्त समोर असतानाही बारा तासांपर्यंत तेच चढवत राहिले. ज्याला नको त्यानं निळं कडं घालून हिंडायचं! अपघात होणार हे आधी कुणाला माहीत असतं? २००९ साली आकडे छापले: तीस दिवसांत कृत्रिम रक्तवाले १३.४ टक्के गेले, दुसरे ९.६.

नीतिसमितीनं मंजूर केलं, लोकांशी बोलले, सगळं रीतसर. म्हणून तुमच्या ‘मार्ग आहे’वर माझा विश्वास नाही.

राजवाडेकर
हेच मी म्हणत होतो.

अपघात_कक्ष
तुम्ही हे म्हणत नव्हता. तुम्ही गाड्या म्हणत होता.

पॉलिहीमचा तो बारा तासांचा भाग मंजूर व्हायला नको होता. यावर मी वाद घालणार नाही. पण ते कंपनीचं नवं उत्पादन होतं. मी बोलतोय ते दुकानात मिळणाऱ्या जुन्या, स्वस्त औषधांबद्दल, ज्यांत कुणाचं पेटंट अडकलेलं नाही. दोन्ही एका पारड्यात घालू नका.

कागदपत्र
पारडं रुग्णासाठी एकच आहे. तो बेशुद्ध आहे.

हिरवी_सुई
आवाज चढवून काही होणार नाही. इंदूरच्या उपयोगाचा एक नेमका प्रश्न मांडते.

हलत्या गाडीत, रक्त गेलेल्या माणसाची शीर मिळत नाही. मग ट्रानेक्झॅमिक मांडीत टोचलं तर? २०२१ साली ३० जखमींवर पाहिलं गेलं: ५ मिलीची दोन इंजेक्शनं स्नायूत, आणि रक्तातली पातळी साधारण चार ते अकरा मिनिटांत उपयोगाइतकी वर गेली. हे खरं असेल तर मानपूर घाटातला १०८ चा कर्मचारी सुई शोधत बसणार नाही. पण रक्तात पातळी वाढली म्हणजे माणूस वाचला असं होत नाही. ते कळायला हजारो रुग्ण लागतील. दीड टक्क्याचा फरक दिसायला क्रॅश-२ ला वीस हजार लागले होते; एका रुग्णालयातल्या दोनशे केसेसमधून काहीही ठरणार नाही.

कागदपत्र, यात कुणाचं काही काढून घेतलं जात नाही. नेहमीचे उपचार दोन्ही गटांना पूर्ण मिळतात.

कागदपत्र
एवढ्याला, आणि फक्त एवढ्याला, मी थेट ‘नाही’ म्हणणार नाही. अटी ऐका. कंपनीचा पैसा नको. औषध आधीपासून मंजूर असलेलं हवं. राऊ, महू, पिथमपूर, मानपूर इथे आधी लोकांना सांगा, हिंदीत, मराठीत, माळवी-निमाडीत. इंग्रजी पत्रक ग्राम पंचायतीत चिकटवलं म्हणजे सांगितलं असं होत नाही. नीतिसमितीतला सामान्य सदस्य रुग्णालयाशी संबंध नसलेला हवा. इजा झाली तर भरपाई नियमाप्रमाणे, नातेवाइकानं चपला न झिजवता.

राजवाडेकर
आणि बिल कोण भरणार? २०२५ च्या योजनेत अपघातग्रस्ताला सात दिवसांत दीड लाखापर्यंत रोकडरहित उपचार आहेत. आठव्या दिवशी पैसे संपले की नातेवाईक ‘लामा’वर, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेण्याच्या कागदावर, सही करून माणूस घरी नेतात. तुमच्या चाचणीत तो ‘जिवंत’ मोजला जाईल, प्रत्यक्षात तो धारच्या रस्त्यावर गेलेला असेल.

अपघात_कक्ष
हे खरं आहे, आणि माझ्या पहिल्या उत्तरात यायला हवं होतं. लामावर गेलेल्यांचा अठ्ठाविसाव्या दिवशी फोन करून शोध घ्यावाच लागेल, आणि एक नंबर पुरणार नाही. भरतीच्या वेळी तीन घ्यावे लागतील: घरचा, शेजाऱ्याचा, सरपंचाचा.

हिरवी_सुई
त्याआधी एक काम चाचणीशिवायही उद्या होऊ शकतं. केसपेपरवर फक्त आल्याची वेळ असते. इजा किती वाजता झाली हा रकानाच नाही. नातेवाइकाला विचारलं तर ‘संध्याकाळी’ म्हणतो. १०८ कडे पहिल्या फोनची वेळ मिनिटासह नोंदलेली असते. ती गाडीच्या कागदावरून केसपेपरवर उतरवायची. शेजारी आल्यावरचा पहिला रक्तदाब, नाडी, शुद्धीचा गुण, आणि ट्रानेक्झॅमिक सुरू केल्याची वेळ. पाच आकडे. तीन तास उलटलेत की नाही, हे ड्युटीवरच्या पोराला त्याशिवाय कळणार कसं?

रक्तपेढी
सहावा आकडा घाला. प्लाझ्मा किती वाजता मागितला.

कागदपत्र
घाला. आणि लिहिणाऱ्याची सही.