मदत हवी आहे: कार्यक्रम संपल्यावर सामान आवरताना वाद्ये चोरीला जाऊ नयेत म्हणून काय व्यवस्था करावी?

आमचा सुगम संगीत आणि जुन्या हिंदी-मराठी चित्रपटगीतांचा एक छोटा वाद्यवृंद आहे. पुणे जिल्ह्यात आणि आसपास लग्नाचे संगीत, स्वागतसमारंभ, गणेशोत्सवातले आणि कोजागिरीचे कार्यक्रम आम्ही करतो. गायक-वादक मिळून आम्ही सात-आठ जण आहोत. ध्वनिव्यवस्था त्या त्या गावातली असते, टेम्पो भाड्याचा असतो आणि वाद्ये मात्र प्रत्येकाची स्वतःची, बहुतेकांची हप्त्यांवर घेतलेली असतात. सामानावर लक्ष ठेवण्यासाठी वेगळा पगारी माणूस ठेवणे आमच्या मानधनात बसत नाही.

अलीकडे एका मंगल कार्यालयाच्या लॉनवर आमच्या तालवादकाचा ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) पिशवीसकट आणि कॉर्डलेस माईकचा एक रिसीव्हर कार्यक्रमानंतर नाहीसा झाला. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांमुळे रात्री दहाला ध्वनिवर्धक बंद करावे लागतात, आणि सगळी गडबड नेमकी त्या ठोक्याला एकदम सुरू होते. पाहुणे छायाचित्रांसाठी मंचावर चढतात, मंडपवाल्यांची माणसे खुर्च्या रचू लागतात, केटररची पातेली मागच्या फाटकाने बाहेर जाऊ लागतात, वीज वाचवण्यासाठी लॉनचे निम्मे दिवे कोणीतरी मालवतो आणि आम्ही वाकून वायरी गुंडाळत असतो. खांद्यावर पिशवी टाकून निघालेल्या माणसाला अशा वेळी कोणी हटकत नाही, कारण तिथे प्रत्येकजण काही ना काही उचलूनच चाललेला असतो.

यजमान म्हणतात की वाद्ये तुमची, ती तुम्हीच सांभाळायची. कार्यालयाचे कॅमेरे फक्त पुढच्या फाटकावर आहेत. पोलीस ठाण्यात आम्हाला आधी ‘गहाळ’ अशी नोंद करण्याचा सल्ला मिळाला. माझे विचारणे मुख्यतः त्या शेवटच्या अर्ध्या-पाऊण तासाबद्दल आहे. इतक्या कमी माणसांत सामानाची राखण कशी करता येते, यजमानांवर काही जबाबदारी टाकता येते का, आणि विमा काढलाच तर अशी चोरी त्यात खरोखर बसते का? ज्यांना प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

ध्वनिसेवक:
मी ध्वनिव्यवस्था भाड्याने देतो, त्यामुळे हा अर्धा तास मी मंचाच्या दुसऱ्या बाजूने पाहत आलो आहे. बहुतेक वाद्यवृंद आधी वायरी आवरतात आणि वाद्ये पिशवीत भरून मंचाच्या कडेला ओळीने उभी करून ठेवतात, म्हणजे चोराला उचलायला जे सर्वांत सोपे आणि विकायला जे सर्वांत महाग, तेच सर्वांत जास्त वेळ उघड्यावर राहते. क्रम उलटा करा. शेवटचा सूर थांबताच प्रत्येकाने फक्त आपले वाद्य भरावे आणि ते स्वतः टेम्पोपर्यंत नेऊन ठेवावे. वायरी, स्टँड आणि स्टूल त्यानंतर. पन्नास फूट जॅकच्या वायरीचे वेटोळे कोणी चोरून नेले तरी त्याने तुमचा पुढचा कार्यक्रम रद्द होत नाही.

टेम्पोजवळ एक माणूस उभा राहील आणि तो काहीही उचलणार नाही, हा नियम कितीही घाई असली तरी मोडू नका. सात-आठ जणांत हे परवडत नाही असे वाटेल. पण बहुधा निवेदक किंवा गायक यांच्याकडे आवरायला स्वतःचे काही नसते, तेव्हा हे काम त्यांचे. (गायकांना हे सांगणे किती अवघड असते याची मला कल्पना आहे.) चालकावर विसंबू नका, कारण तो चहाला जातो आणि त्याचे भाडे गाडी चालवण्याचे असते. टेम्पो मागच्या बाजूने भिंतीला किंवा मंचाला लावता आला तर मागचा फाळका परस्पर उघडता येत नाही, म्हणून जागा मिळवायला थोडे लवकर पोहोचावे.

प्रत्येक पिशवीवर व पेटीवर एकाच रंगाची पट्टी आणि मोठा क्रमांक असावा. घरून निघताना, मंचावरून टेम्पोत भरताना आणि परत उतरवताना तोच माणूस मोठ्याने क्रमांक वाचेल. तेरा नंबर गाडीत आला नाही हे फाटकातून बाहेर पडण्यापूर्वी कळले तर वस्तू पुष्कळदा आवारातच सापडते, कारण ती चोरीला न जाता मंडपवाल्याच्या सामानात गेलेली असते. पॉवर अडॅप्टर, पेडल, रिसीव्हर, कानातले मॉनिटर अशा सुट्या वस्तू वेगवेगळ्या खिशांत न ठेवता कुलपाच्या एकाच लोखंडी ट्रंकेत टाका. माईकच्या बाबतीत आणखी एक प्रकार चालतो, तो म्हणजे अदलाबदल. शूर (Shure) कंपनीच्या एसएम 58 या माईकची नक्कल बाजारात सर्रास मिळते आणि बाहेरून ती ओळखू येत नाही, तेव्हा जाळी फिरवून काढा आणि आतल्या बाजूस तुमची खूण करून ठेवा. परत घेताना मोजण्याबरोबर ही खूणही तपासली पाहिजे.

तारसप्तक:
विम्याबद्दल लिहितो, कारण मी त्या क्षेत्रात नोकरी केली आहे. घरफोडीचा साधा विमा तुमच्या उपयोगाचा नाही. त्यात कुलूप, दार किंवा खिडकी बळजबरीने तोडून आत शिरल्याची खूण लागते, आणि उघड्या लॉनवरून उचललेल्या पिशवीला तशी खूण नसते. घरगुती विम्यात वाद्य लिहिलेले असले तरी ते व्यवसायासाठी बाहेर नेले जात असेल तर दावा अडतो. तुम्हाला ‘ऑल रिस्क’ प्रकारचे संरक्षण हवे, ज्यात प्रत्येक वाद्य त्याच्या अनुक्रमांकासह आणि किमतीसह यादीत असते आणि ते घराबाहेरही लागू होते. मात्र अटी वाचताना दोन वाक्ये शोधा. एक, राखण नसलेल्या वाहनातून झालेली चोरी वगळलेली आहे का. आणि दुसरे, कोणी लक्ष ठेवून नसताना उघड्यावर ठेवलेल्या वस्तूचे काय. ही दोन्ही कलमे पुष्कळदा असतात. टेम्पोजवळ माणूस उभा करण्याचा वरचा सल्ला त्यामुळे दाव्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा ठरतो.

हप्ता वाचवण्यासाठी किंमत कमी लावू नका. 80,000 रुपयांचा कीबोर्ड 40,000 चा म्हणून लिहिला आणि त्याचे 20,000 रुपयांचे नुकसान झाले, तर सरासरीच्या अटीनुसार (किंमत जितकी कमी लावली त्या प्रमाणात भरपाईही कमी) हातात 10,000 च पडतात.

अशील नव्हे वकील:
पोलीस ठाण्यातल्या सल्ल्याविषयी प्रथम सांगतो. ‘गहाळ’ नोंद म्हणजे वस्तू तुमच्याकडून हरवली, कोणी चोरली नाही, असे तुम्हीच लिहून देणे होय. त्यावर तपास होत नाही आणि विमा कंपनीही ती मान्य करत नाही. तुम्ही वर वर्णन केले आहे ती चोरी आहे, म्हणजे भारतीय न्याय संहितेचे कलम 303. 1 जुलै 2024 पासून हाच कायदा लागू आहे. वस्तूंची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल तर प्रकरण अदखलपात्र ठरू शकते, म्हणून तक्रारीत ‘एक वाद्य’ असे न लिहिता कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक आणि आजची किंमत लिहावी. प्रथम खबरीची (एफआयआरची) प्रत विनामूल्य मिळते. नोंदवून घेण्यास नकार मिळाला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे तक्रार लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, आयुक्तालयाच्या हद्दीत असल्यास तिथल्या वरिष्ठांकडे, आणि त्यानंतरही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. कार्यक्रम दुसऱ्या तालुक्यात झाला आणि चोरी घरी आल्यावर लक्षात आली, तरी जवळच्या ठाण्यात खबर देता येते. ती क्षेत्राच्या सबबीवर नाकारता येत नाही.

चोर सापडला नाही तर काही काळाने ‘अ समरी’ होते, म्हणजे गुन्हा खरा पण उलगडा नाही. विम्याच्या दाव्यासाठी तो कागद मागितला जातो, तेव्हा पाठपुरावा सोडू नये.

यजमानांच्या जबाबदारीबाबत सरसकट उत्तर देता येणार नाही. वाद्ये मंचावर आहेत आणि तुमची माणसे आजूबाजूला वावरत आहेत, अशा स्थितीत ताबा तुमचाच मानला जाईल. पण यजमानांनी किंवा कार्यालयाने खोली दिली, तुम्ही सामान आत ठेवले, कुलूप त्यांचे आणि किल्ली त्यांच्याकडे, तर 1872 च्या करार कायद्यातील कलम 148 ते 152 लागू होऊ शकतात, आणि सर्वसाधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेतो तितकी त्यांनी घेणे अपेक्षित असते. म्हणून सुपारी ठरवताना जो कागद किंवा व्हॉट्सअॅप संदेश जातो, त्यात ‘कार्यक्रमापूर्वी व नंतर सामान ठेवण्यासाठी कुलूपबंद खोली, आणि सामान भरून होईपर्यंत मंचावरील व मागच्या फाटकावरील दिवे चालू’ एवढे दोन मुद्दे लिहून त्यांची होकारार्थी पोच घ्यावी. नुकसानभरपाईचे लांबलचक कलम टाकले तर यजमान बिचकतात आणि सुपारी दुसऱ्याला जाते. दिव्याला मात्र कोणी नाही म्हणत नाही.

मूळ प्रश्नकर्ता:
आपणा सर्वांचा आभारी आहे. राखणीचा माणूस आणि क्रमांकाची पद्धत आम्ही पुढच्या कार्यक्रमापासूनच सुरू करत आहोत. ‘गहाळ’ नोंदीवर आम्ही सही केली नव्हती, त्यामुळे आता लेखी तक्रार देतो. यातून तीन शंका उरतात. तो ऑक्टोपॅड एका वादकाकडून जुना घेतलेला होता आणि त्याचे बिल नाही. त्यात भरलेले ढोलकी-ढोलकचे किट (पॅडवर लावलेल्या आवाजांचा संच) बसवण्यात फार मेहनत गेली होती. ते परत कसे मिळवायचे? आणि मोबाइलवर दिसणारे टॅग वाद्यात लपवण्याचा काही उपयोग होतो का?

अशील नव्हे वकील:
बिल नसल्याने तक्रार अडत नाही. विक्रेत्या वादकाचे लेखी निवेदन, पैसे पाठवल्याची बँकेतील नोंद, दुरुस्तीची पावती, आणि अनुक्रमांक स्पष्ट दिसेल असे छायाचित्र, यांपैकी जे असेल ते जोडा. वाद्य सापडले तर ते मुद्देमाल म्हणून न्यायालयाच्या आदेशानेच परत मिळेल आणि तेव्हा हीच कागदपत्रे लागतील. इतर वाद्यांचे अनुक्रमांक आजच टिपून घ्या. मोबाइल चोरीला गेल्यास आयएमईआय क्रमांकावरून तो बंद करता येतो, तशी सोय वाद्यांसाठी नाही.

मांडवीकाठ:
मी गोव्यात तियात्र (कोकणी संगीत नाटक) आणि लग्नांच्या बँडमध्ये गिटार वाजवतो. टॅग मी वापरतो, पण त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. त्यात जीपीएस नसते. जवळून जाणारा सुसंगत फोन त्याचा संकेत पकडतो आणि जागा कळवतो. एअरटॅगला त्यासाठी अॅपलचे फोन लागतात, त्यामुळे मडगाव-पणजीत तो ठीक चालतो आणि आतल्या वाड्यावर मुका होतो. आपल्याकडे अँड्रॉइड फोन जास्त असल्याने गुगलच्या जाळ्यावर चालणारे टॅग गावाकडे अधिक उपयोगी पडतील असे वाटते. शिवाय माणसांचा पाठलाग होऊ नये म्हणून हे टॅग अनोळखी फोनला सूचना देतात आणि मालकापासून दूर राहिल्यावर काही तासांनी स्वतः वाजतात. म्हणजे चोरालाही खबर लागते. तुमच्या हाती फक्त पहिले काही तास असतात. टॅग पिशवीत ठेवू नका, पिशवी सर्वांत आधी फेकली जाते. गिटारच्या पोकळीत आत चिकटवता येतो. धातूच्या डब्यात मात्र संकेत दबतो, म्हणून मिक्सरच्या आत टाकून उपयोग नाही. आणि टॅगने दाखवलेल्या पत्त्यावर स्वतः जाऊन धडकू नका, पोलिसांना सोबत घ्या.

ध्वनिसेवक:
किटबद्दल: ऑक्टोपॅड एसपीडी-30 असेल तर त्यातला सगळा मजकूर पेनड्राइव्हवर उतरवता येतो. ज्याच्याकडून तो घेतला तो वादक किंवा तुमच्या किटची नक्कल घेतलेला कोणी मित्र असेल तर आधी त्याला विचारा. पुढे प्रत्येक बदलानंतर एक प्रत घरच्या संगणकावर ठेवा. त्याच ट्रंकेतला पेनड्राइव्ह त्याच ट्रंकेबरोबर जाईल.

रात्रीच्या मुक्कामाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून जाता जाता. ‘बीटल्स’ या बँडचे पॉल मॅकार्टनी यांचा हॉफनर बास (गिटारचा एक प्रकार) 1972 मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागात उभ्या असलेल्या व्हॅनमधून चोरीला गेला आणि तो त्यांच्याकडे परत आल्याचे 2024 मध्ये जाहीर झाले. जगप्रसिद्ध वाद्याची ही गत असेल तर आपल्या कीबोर्डचा शोध कोण घेणार? बाहेरगावी लॉजवर थांबलात तर भरलेला टेम्पो रस्त्यावर ठेवू नका. स्पीकर आणि स्टँड राहिले तरी चालतील. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, गिटार आणि ती ट्रंक खोलीत घ्या, आणि खोली तळमजल्यावरची मागा, म्हणजे मध्यरात्री जिने चढण्याच्या कंटाळ्याने ‘राहू दे आज गाडीतच’ असे कोणी म्हणणार नाही.