उजव्या चॅनलचे आउटपुट ट्रान्झिस्टर दुसऱ्यांदा उडाले, लवकर मदत हवी आहे

खरखर
जुना स्टिरिओ पॉवर अँप आहे. डावा चॅनल ठणठणीत. उजव्याचे आउटपुट शॉर्ट झाले म्हणून नवी जोडी टाकली (सी5200, ए1943). सुरू करताच फ्यूज आणि जोडी दोन्ही गेले. दुसरी जोडी टाकली, तेच. ट्रान्झिस्टर आणि हीटसिंकमधला मायका, पेस्ट व्यवस्थित आहे. ट्रान्झिस्टर डुप्लिकेट असतील का? शनिवारी लोक यायचेत, नेमकं उत्तर द्या.

सोल्डरबुवा
मॉडेल? सप्लाय किती व्होल्टचा? ड्रायव्हर (आउटपुटला चालवणारे छोटे ट्रान्झिस्टर) तपासले का? सिरीज बल्ब लावला होता का?

खरखर
बल्ब कशाला? फ्यूज आहे की. ड्रायव्हर मीटरवर चांगले दाखवतात.

सोल्डरबुवा
फ्यूज तापून तुटेपर्यंत ट्रान्झिस्टर गेलेला असतो. मेनला सिरीजमध्ये 60 किंवा 100 वॅटचा बल्ब लावा. फिलामेंटचाच, एलईडी चालत नाही. एकदा चमकून मंद झाला तर ठीक. भगभगत राहिला तर लगेच बंद करा.

कंडेन्सरवाला
आधी सगळे कंडेन्सर बदला. जुना अँप म्हटल्यावर दुसरं काही बघायचंच नाही. मी माझ्या अँपचे सगळे बदलले, आवाज काय खुलला!

सोल्डरबुवा
वाळलेल्या कंडेन्सरने हम येईल, आउटपुट असे उडत नाहीत. शिवाय सप्लाय दोन्ही चॅनलना एकच असेल तर डावा कसा वाजतोय?

कंडेन्सरवाला
अनुभव आहे म्हणून सांगितलं. पटत नसेल तर राहिलं.

निवांत
क्लास डीचं (कमी तापणारं) तयार मॉड्यूल टाका आणि मोकळे व्हा. एवढ्या मोठ्या हीटसिंकचे दिवस गेले.

काचेचा दिवा
व्हॉल्व्ह अँपमध्ये ही भानगडच नसते.

सोल्डरबुवा
हो, तिथे चारशे व्होल्ट असतात. भानगड एकदाच होते.

खरखर, आउटपुट काढून ठेवा, बल्ब लावा, बायसचा (आवाज नसतानाही आउटपुटमधून वाहणाऱ्या थोड्या करंटचा) प्रीसेट, म्हणजे फिरवायचा छोटा स्क्रू, कमीत कमीवर आणा (कुठल्या बाजूला कमी, ते आधी मीटरने बघा). मग प्रत्येक चॅनलमध्ये दोन ड्रायव्हरच्या बेसमधले व्होल्ट मोजा. सर्किट नसलं तरी बिघडत नाही, डावा चॅनल हाच तुमचा नकाशा. हात घालण्याआधी मोठे कंडेन्सर रेझिस्टरने डिस्चार्ज करा, स्क्रूड्रायव्हरने ठिणग्या पाडू नका.

खरखर
डावीकडे 2.3, उजवीकडे 9. बल्ब मंद. आउटपुटला डीसी 40 मिलिव्होल्ट. आता?

मिलिव्होल्ट
ऑफसेट (आउटपुटवरचा तो डीसी) ठीक आहे, म्हणजे पुढचा भाग बहुतेक बरा. गडबड बायसमध्ये. ड्रायव्हर आणि आउटपुट मिळून चार बेस-एमिटर जंक्शन, त्यांना सव्वादोन-अडीच व्होल्ट पुरतात. 9 मिळाले की वरचा आणि खालचा आउटपुट ट्रान्झिस्टर एकदमच पूर्ण उघडतात, दोन्ही सप्लायच्या मध्ये सरळ रस्ता. हीटसिंकवर बसवलेला बायस ट्रान्झिस्टर बघा. तो बंद असेल तर असंच होतं.

खरखर
तो कसा खराब असेल? पहिल्याच दिवशी नवीन टाकलाय. पाय तुटला होता.

सोल्डरबुवा
हे आत्ता सांगताय??

मिलिव्होल्ट
जुना कुठला, नवीन कुठला?

खरखर
बीडी139 होता. घरात टीआयपी41 पडलेला, तोही एनपीएन जातीचाच, आणि दणकट. भोकांत बरोबर बसला.

मिलिव्होल्ट
बसणारच. नंबराच्या बाजूने बघा: बीडी139 ला एमिटर, कलेक्टर, बेस. टीआयपी41 ला बेस, कलेक्टर, एमिटर. बेस-एमिटर उलटे लागलेत. ट्रान्झिस्टर चालूच होत नाही, म्हणून 9 व्होल्ट. बीडी139 च टाका, हीटसिंकला नीट चिकटवा, नाहीतर अँप तापला की बायस चढत जाईल. आउटपुट बसवल्यावर बल्ब ठेवूनच सुरू करा. मंद राहिला तरच काढा, मग एमिटर रेझिस्टरवर मोजून बायस लावा. 0.22 ओहम असेल तर 10 मिलिव्होल्ट म्हणजे साधारण 45 मिलिअँपिअर. सर्व्हिस मॅन्युअल मिळालं तर त्यातला आकडा घ्या.

खरखर
चार ट्रान्झिस्टर फुकट गेले राव. म्हणजे डुप्लिकेट नव्हते?

निवांत
मॉड्यूलमध्ये बायसच नसतो. आपलं सांगून ठेवतो.

स्पीकरप्रेमी
धागा पूर्ण वाचला नाही, पण स्पीकरची वायर जाड घ्या, खूप फरक पडतो.

सोल्डरबुवा
मॉडेल अजून सांगितलं नाहीच.