व्हीनस फ्लायट्रॅपला हिवाळ्यासाठी कसे तयार करावे? (पुणे)

प्रश्न : माझ्या पूर्वेकडील बाल्कनीत व्हीनस फ्लायट्रॅप, सारासेनिया आणि घटपर्णी अशी तीन कीटकभक्षी झाडे आहेत. दिवाळीनंतर फ्लायट्रॅपची जुनी पाने काळी पडू लागली असून नवे सापळे बारीक आणि मातीलगत येत आहेत. झाड मरत आहे की विश्रांतीला लागले आहे, आणि तिन्ही झाडांची काळजी सारखीच घ्यावी का, याबद्दल जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

उत्तर १ : आपण वर्णिलेली लक्षणे सुप्तावस्थेचीच दिसतात. तरीही खात्रीसाठी बुंध्याजवळची माती किंचित बाजूला करून कंद पाहावा. तो पांढरा आणि टणक असेल तर काळजीचे कारण नाही, तपकिरी व मऊ असेल तर ती कूज समजावी. फ्लायट्रॅपचे मूळ घर अमेरिकेतील उत्तर आणि दक्षिण कॅरोलायनाचा किनारी पाणथळ प्रदेश आहे. तिथे हिवाळ्यात हिमतुषार पडतात, आणि दिवस लहान व रात्री थंड होऊ लागल्या की हे झाड वाढ थांबवून कंदातील साठ्यावर तीन-चार महिने काढते. ही विश्रांती वर्षानुवर्षे मिळाली नाही तर ते क्षीण होत जाते.

पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री बहुधा १० ते १२ अंशांपर्यंत उतरतात, पण दुपारी पारा ३० च्या आसपास जातो. म्हणून कुंडी घरात न आणता, रात्रीचा गारवा आणि सकाळचे ऊन मिळेल पण दुपारचे ऊन टळेल अशा जागी ठेवावी. उन्हाळ्याप्रमाणे ताटलीत सतत पाणी साठवू नये. माती ओलसर राहील इतकेच पावसाचे किंवा आरओचे पाणी द्यावे. कीटक भरवणे आणि खत देणे पूर्ण बंद करावे, व काळी पाने कापून टाकावीत, कारण बुरशी तिथूनच सुरू होते. सारासेनियालाही हेच लागू आहे, मात्र तिचे अर्धवट हिरवे असलेले घट (कीटक पकडणारी नळीसारखी पाने) कापू नयेत. कुंडी बदलायची असेल तर फेब्रुवारीच्या सुरुवातीला, नवी पालवी फुटण्याआधी बदलावी.

घटपर्णी उष्ण कटिबंधातील आहे. तिला विश्रांती नको, उलट कोरड्या हवेपासून जपावे.

उत्तर २ : मुंबईत रात्री इतक्या गार नसतात, त्यामुळे तिथे अनेक जण फ्लायट्रॅप फ्रिजमध्ये ठेवतात : मुळे धुऊन, पिळलेल्या ओलसर स्फॅग्नम शेवाळात गुंडाळून, सैल बांधलेल्या पिशवीत भाजीच्या कप्प्यात. दर पंधरवड्याला बुरशी तपासावी लागते आणि बाहेर काढल्यावर उन्हाची सवय हळूहळू लावावी लागते. पुण्यात मला हा खटाटोप अनावश्यक वाटतो. दुबळे झाड तर फ्रिजमध्ये मुळीच ठेवू नये.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. कासच्या पठारावर दिसणाऱ्या दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीलाही अशी विश्रांती लागते का?

उत्तर १ : नाही. आपल्याकडचा गवती दवबिंदू वर्षायू आहे. पावसाळा सरल्यावर तो बी टाकून मरतो आणि पुढच्या पावसात त्या बियांतून पुन्हा उगवतो. पठारावरून रोपे मात्र कृपया आणू नयेत.