शब्दचर्चा: ‘भाकीत’, ‘पश्चात्ताप’ आणि निनवेचे चाळीस दिवस

प्रश्न

बायबलमधील ‘योना’ या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातील दहावे वचन मराठीत वाचताना मी दोन शब्दांपाशी अडलो आहे. निनवे या नगरातील लोकांनी दुराचरण सोडल्याचे पाहून देवाला ‘अनुताप’ किंवा ‘पश्चात्ताप’ झाला आणि जे अरिष्ट आणीन असे तो म्हणाला होता ते त्याने आणले नाही, असा तिथे आशय आहे. पश्चात्ताप चुकलेल्या माणसाला होतो. मग हा शब्द देवाला लावणे मराठीत योग्य आहे का? दुसरे असे की, चाळीस दिवसांनी नगर उलथेल असे योना या संदेष्ट्याने, म्हणजे देवाचा संदेश पोचवणाऱ्याने, सांगितले आणि ते उलथले नाही. अशा वेळी भाकीत ‘खोटे ठरले’ म्हणावे, ‘टळले’ म्हणावे की ‘बदलले’ म्हणावे? प्रार्थनेने आणि पश्चात्तापाने भाकीत बदलते, असे आमच्या अभ्यासगटात एकाने मांडले. त्यावर ‘बदलते ते भाकीत कसले?’ असे दुसऱ्याने विचारले आणि चर्चा तिथेच खुंटली.

उत्तर

आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण तो उलगडला की पहिला बराच सोपा होतो.

‘भाकीत’ हा शब्द ‘भाकणे’ या क्रियापदावरून आला आहे आणि हे क्रियापद आज आपण मुख्यतः दोनच ठिकाणी वापरतो: भविष्य भाकणे आणि करुणा भाकणे. पहिल्यात पुढे घडणारे सांगणे आहे, दुसऱ्यात कळवळून विनवणे आहे. त्यांच्या शेजारी ‘भाक देणे’, म्हणजे वचन देणे, हाही प्रयोग आहे. होणारे सांगणे, होऊ नये म्हणून विनवणे आणि शब्दाने बांधून घेणे ही तिन्ही कामे मराठीने एकाच शब्दकुळाकडे सोपवली आहेत, आणि बायबलमधील संदेष्ट्यांचे बोलणे समजून घ्यायला मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. त्यांचे भाकीत सटवीने कपाळी लिहिलेल्या अक्षरांसारखे नसते. ते कोणीतरी कोणाला तरी उद्देशून उच्चारलेले असते आणि ऐकणाऱ्याने त्याला काही उत्तर द्यावे याची वाट पाहत असते. जुन्या मराठी ख्रिस्ती लेखनात ‘भविष्यवादी’ हा शब्द आढळतो, पण ‘संदेष्टा’ हा शब्द मला अधिक नेमका वाटतो, तो याचसाठी. संदेश म्हटला की तो कोणाला दिला, हा प्रश्न आपोआप येतो.

आता व्याकरणाकडे पाहू. जांभळाच्या झाडावर चढलेल्या नातवाला आजी खालून ओरडते, ‘अरे, पडशील!’ रूप शुद्ध भविष्यकाळाचे आहे. ‘जर’ नाही, ‘तर’ नाही. जांभळाची फांदी ठिसूळ असते, हे आजीला ठाऊक आहे आणि ती खोटे बोलत नाही. नातू खाली उतरला आणि पडला नाही, म्हणून आजीचे भविष्य चुकले असे घरातले कोणी म्हणत नाही, कारण तो पडू नये म्हणूनच ती ओरडली होती. या वाक्याला आपण मराठीत भविष्य सांगणे म्हणत नाही, बजावणे म्हणतो. योनाचे वाक्य याच जातीचे आहे.

ते वाक्य हिब्रूत अवघ्या पाच शब्दांचे आहे: ‘ओद अर्बाईम योम वे-निनवे नेहपाखेत’, म्हणजे अजून चाळीस दिवस आणि निनवे उलथलेले असेल. (प्राचीन ग्रीक भाषांतरात चाळीसच्या जागी तीन दिवस आहेत.) शेवटचा शब्द ‘हाफाख’, म्हणजे उलथणे, पालथे करणे, पालटणे, या धातूपासून आला आहे. बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात सदोम आणि गमोरा या नगरांचा नाश सांगताना हाच धातू वापरला आहे, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आग आणि गंधकच उभे राहिले असणार. पण ‘1 शमुवेल’ या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात इस्राएलचा पहिला राजा शौल याचे मन पालटून तो वेगळाच माणूस होतो, तिथेही हाच धातू आहे. निनवे ‘नेहपाखेत’ असे योनाला सांगण्यात आले, पण ते चांगल्यासाठी की वाइटासाठी हे त्याला उमगले नाही, असे तालमुद या प्राचीन यहुदी ग्रंथातील सान्हेद्रिन या भागात म्हटले आहे. या अर्थाने पाहिले तर वाक्य अक्षरशः खरे झाले: नगर उलथले नाही, पण पालटले. ‘उलथणे’ आणि ‘पालटणे’ या दोहोंना सामावणारे एकच क्रियापद आपल्याला सुचले, तर भाषांतरकाराची मोठी अडचण सुटेल. ‘उलथापालथ’ जवळ येतो, परंतु त्यात गोंधळाची छटा अधिक आहे.

आता ‘पश्चात्ताप’. पश्चात् म्हणजे नंतर, ताप म्हणजे पोळणे. अनुतापाची घडणही तशीच. दोन्ही शब्द मनाला लागलेली आच सांगतात, पण ती लागल्यावर माणूस पुढे काय करतो, हे सांगत नाहीत. हिब्रूत इथे दोन स्वतंत्र धातू आहेत. माणसांसाठी ‘शूव’ म्हणजे वळणे, मागे फिरणे. यहुदी परंपरेतील ‘तेशुवा’ हा शब्द त्यावरूनच आला. वाट चुकलेला माणूस हळहळत तिथेच बसला तर ती तेशुवा नव्हे. त्याने पाऊल मागे वळवले पाहिजे. देवासाठी दहाव्या वचनात ‘नाहम’ हा दुसरा धातू आहे. त्याच्या एका रूपाचा अर्थ मन द्रवणे, खेद वाटणे, घेतलेला पवित्रा सोडणे असा होतो, तर दुसऱ्या रूपाचा अर्थ सांत्वन करणे असा होतो. ‘यशया’ या पुस्तकाच्या चाळिसाव्या अध्यायाच्या आरंभीचे ‘नहमू, नहमू अम्मी’, म्हणजे सांत्वन करा, माझ्या लोकांचे सांत्वन करा, हे त्याच धातूचे रूप. तेव्हा या वचनात देवाला चूक उमगली असा भाव नाही. त्याचे मन कळवळले आणि त्याने उगारलेला हात आवरला, असा भाव आहे. मी भाषांतर करत असतो तर ‘देवाचे मन द्रवले’ असे लिहिले असते आणि पश्चात्ताप हा शब्द माणसांसाठी राखून ठेवला असता.

मूळ वचनात आणखी एक शब्द आहे, जो मराठीत हमखास निसटतो. लोक ज्या दुष्टपणापासून फिरले तो ‘राआ’ आणि देवाने जे अरिष्ट आणले नाही तेही ‘राआ’. एकाच शब्दाची ही पुनरावृत्ती सहज झालेली नाही. माणसांनी आपल्या हातचे वाईट खाली ठेवले, तेव्हा देवाने आपल्या हातचे वाईट खाली ठेवले. पुढच्याच वचनात योनाला या सुटकेचा संताप येतो, आणि तिथेही शब्द ‘राआ’च आहे. आपण दुष्टाई, अरिष्ट आणि वाईट वाटणे असे तीन वेगळे शब्द वापरतो, त्यामुळे हा धागा तुटतो. निदान पहिल्या दोन जागी ‘वाईट’ हाच शब्द ठेवला तर तो काही अंशी टिकेल.

म्हणून भाकीत ‘टळले’ म्हणणे मला योग्य वाटते. गंडांतर टळते, संकट टळते. टळणाऱ्या गोष्टीचे खरेपण आपण नाकारत नाही. ती वाटेवर होती आणि बाजूने निघून गेली.

आक्षेप

वरचे विवेचन पटले, तरी तीन जागा त्यात बसत नाहीत. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात म्हटले आहे की, संदेष्ट्याने सांगितलेले घडले नाही तर ते वचन परमेश्वराचे नव्हे. या कसोटीवर योना खोटा संदेष्टा ठरत नाही काय? 1 शमुवेलच्या पंधराव्या अध्यायात तर देव ‘नाहम’ करत नाही, कारण तो मनुष्य नाही, असे स्पष्ट विधान आहे. आणि मूल मरेल असे संदेष्ट्याने सांगितल्यावर दावीद राजाने उपास करून, जमिनीवर पडून राहून प्रार्थना केली, तरी त्याचे मूल वाचले नाही. मग ‘प्रार्थनेने टळते’ असे सरसकट कसे म्हणता येईल?

उत्तर

सरसकट म्हणता येत नाहीच, आणि हे आपण नेमके दाखवून दिलेत याबद्दल आभारी आहे.

पहिल्या जागेचे उत्तर यिर्मया या संदेष्ट्याकडे आहे. त्याच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात तो कुंभाराच्या घरी जातो. चाकावरचे भांडे कुंभाराच्या हातात बिघडते, तेव्हा तो माती फेकून देत नाही, त्याच मातीचे दुसरे भांडे घडवतो. त्यानंतर येणारे वचन नियमासारखे आहे: एखाद्या राष्ट्राचा नाश करीन असे मी म्हणालो आणि ते दुष्टाईपासून फिरले, तर मी योजलेले अरिष्ट आवरीन, आणि बांधीन, लावीन असे म्हणालो आणि त्याने वाईट केले, तर योजलेले भलेही मी आवरीन. योनाच्या पाच शब्दांत न बोललेले ‘जर’ इथे उघड बोलले आहे. संदेष्ट्याच्या कसोटीविषयी बाराव्या शतकातील यहुदी विद्वान मायमोनिडीस याने असा निवाडा दिला की, अरिष्टाचे भाकीत घडले नाही म्हणून संदेष्टा खोटा ठरत नाही, कारण लोक फिरले असतील. पण भल्याचे भाकीत घडले नाही तर तो खोटा. यिर्मयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात, भल्याचे भाकीत सांगणाऱ्या हनन्याशी झालेल्या वादात याच भेदाचे बीज दिसते.

ही गोष्ट ग्रंथातील माणसांनाही ठाऊक होती. सियोन, म्हणजे यरुशलेम, शेतासारखा नांगरला जाईल, असे मीखा या संदेष्ट्याने सांगितले होते. सुमारे शंभर वर्षांनी यिर्मयावर प्राणसंकट आले, तेव्हा देशातील वडीलधाऱ्यांनी उठून तेच वाक्य म्हणून दाखवले आणि विचारले की, हिज्कीया राजाने तेव्हा परमेश्वराची विनवणी केली नाही काय, आणि ते अरिष्ट परमेश्वराने आवरले नाही काय? विनवणीसाठी तिथे जो हिब्रू वाक्प्रचार आहे त्याचा शब्दशः अर्थ ‘मुख मऊ करणे’ असा मानतात. आपली ‘मनधरणी’ त्याला अगदी जवळची आहे. पुढे बाबेलच्या सैन्याने यरुशलेम पाडले ते इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आरंभी.

दुसरी जागा अवघड आहे आणि ती गुळगुळीत करू नये. त्या एकाच अध्यायात ‘नाहम’ अकराव्या आणि पस्तिसाव्या वचनांत देवाला लावला आहे आणि मधल्या एकोणतिसाव्या वचनात नाकारला आहे. लिहिणाऱ्याला हे दिसले नसेल, असे मला वाटत नाही. शौल शमुवेल या संदेष्ट्याच्या झग्याचा काठ धरतो, तो फाटतो, आणि त्या क्षणी शमुवेल हे बोलतो. संदर्भ पाहता त्याचा अर्थ असा लागतो की, देव लहरीने शब्द फिरवत नाही आणि शौलाचे राजपद काढून घेण्याचा हा निर्णय आता फिरणार नाही. त्याआधी स्वतः शमुवेलाने रात्रभर आक्रोश केला होता, तोही उपयोगी पडला नव्हता.

तिसऱ्या जागेपाशी मला सर्वांत जास्त थांबावेसे वाटते. निनवेचा राजा सिंहासनावरून उठतो, झगा उतरवून गोणताट नेसतो, राखेत बसतो, गुराढोरांनाही गोणताट घालायला लावतो आणि म्हणतो, ‘मी योदेआ’, कोण जाणे, देव वळेल आणि त्याचे मन द्रवेल. दावीदही मूल आजारी असताना मनात हेच दोन शब्द धरून होता: ‘मी योदेआ’, कोण जाणे, परमेश्वर माझ्यावर दया करील. निनवे वाचले, दाविदाचे मूल सातव्या दिवशी गेले. शब्द तेच, उपासही तसाच, आणि निकाल मात्र दोन. योएलच्या दुसऱ्या अध्यायातही ‘मी योदेआ’ येतो. जिथे हा शब्दप्रयोग येतो तिथे प्रार्थना म्हणजे भाकीत फिरवण्याची किल्ली, असे कोणी समजत नाही. मराठीतला ‘कोण जाणे’ आज बहुधा हताशपणे, विषय संपवण्यासाठी वापरला जातो. या वचनांत मात्र तो विनवणी सुरू करतो. वाचताना आवाज कुठे चढवायचा, हे त्यामुळे ठरते.

पुरवणी

‘वळणे’ आणि ‘पोळणे’ यांतला हा भेद नव्या करारातही आहे. निनवेच्या लोकांविषयी मत्तयाचे शुभवर्तमान ‘मेटानोएओ’, मन पालटणे, हे क्रियापद वापरते; येशूला धरून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत चांदीची तीस नाणी परत करतो तिथे मात्र ‘मेटामेलोमाई’, म्हणजे हळहळणे, हे वेगळे क्रियापद आहे. दोन्हीकडे ‘पश्चात्ताप’ घातला की हा फरक बुजतो. यहूदासाठी ‘पस्तावला’ पुरे आहे.

कोकणातील बेने इस्राएल हा यहुदी समाज मराठी बोलतो आणि योम किप्पूरला, म्हणजे यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाला, ‘दारफाळणीचा सण’, म्हणजे दारे लावून घेण्याचा सण, म्हणतो. याच दिवशी दुपारच्या प्रार्थनेत सिनेगॉगमध्ये योनाचे पुस्तक वाचण्याची यहुदी परंपरा आहे. दार लागण्याआधी वाचले जाणारे पुस्तक तेच, ज्याचा शेवट एका प्रश्नाने होतो: उजवा-डावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे जिथे आहेत, त्या निनवेची मला कीव येऊ नये काय?