शब्दचर्चा : ‘डेस्कटॉप’ला मराठीत काय म्हणायचं?

मंगळवार पेठेतून
नवशिक्यांसाठी दोन पानांचं मराठी माहितीपत्रक करायचं आहे आणि पहिल्याच शब्दावर गाडी अडली आहे. आपल्या कोल्हापुरात शाहूपुरीतल्या दुकानात ‘डेस्कटॉप दाखवा’ म्हटलं की मॉनिटर आणि कॅबिनेट पुढ्यात येतं. क्लासमध्ये तोच शब्द विंडोज सुरू झाल्यावर समोर येणाऱ्या चित्रासाठी वापरतात. त्याला ‘पटल’ लिहिलं तर चालेल का?

राजारामपुरीतून
पटल नको. पटल म्हणजे स्क्रीन, समोरची काच. डेस्कटॉप ही त्या काचेवर दिसणारी जागा आहे आणि शिवाय तो एक साधा फोल्डरही आहे. फाइल एक्स्प्लोरर उघडून सी ड्राइव्ह, यूजर्स, आपल्या खात्याचं नाव, डेस्कटॉप असं आत जा. त्याच फाइली तिथे दिसतील. (वनड्राइव्ह म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची साठवण; तिचा बॅकअप चालू असेल तर हा फोल्डर वनड्राइव्हच्या फोल्डरात सापडतो.) आपल्याकडं ‘फाइल स्क्रीनवर ठेवलीय’ म्हणतात, तिथंच गोंधळ होतो. मॉनिटर बदलला की फाइलही जाणार, असं नवख्याला वाटतं.

डेस्कटॉपची कल्पना आली झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या पार्क या संशोधन केंद्रातून, म्हणजे जिचं नाव आपण छायाप्रतीलाच देऊन टाकलं त्याच कंपनीकडून. तिथला ऑल्टो संगणक १९७३चा. फोल्डर आणि कागदांची चित्रं मांडलेला ‘स्टार’ बाजारात आला १९८१ साली.

आणि डेस्क शब्द मराठीला परका कुठं आहे? गुळाच्या पेढीवर गादीपुढं असायचं ते उतरत्या झाकणाचं डेस्क आठवा. चालू कागद वर, वह्या झाकणाखाली. संगणकातही तेवढंच करावं : डेस्कटॉपवर हाताखालचं चार दिवसांचं काम, बाकी सगळं डॉक्युमेंट्समध्ये. शब्द ‘डेस्कटॉप’च ठेवा. फक्त यंत्राला ‘टेबलावरचा संगणक’ म्हणा, म्हणजे दोन अर्थ वेगळे होतील.

कसबा बावड्यातून
मला ‘शॉर्टकट’ जास्त घातक वाटतो. डेस्कटॉपवरच्या चित्राच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात छोटा बाण असेल तर ती फाइल नव्हे, फाइलच्या पत्त्याची चिठ्ठी आहे. चिठ्ठी पुसली तरी फाइल जागेवर राहते. उलट, नुसती चिठ्ठी पेनड्राइव्हवर घेऊन छपाईच्या दुकानात गेलात तर तिथं काहीच उघडत नाही, कारण त्या संगणकावर तो पत्ताच नाही. आकार बघितला की लगेच कळतं : चाळीस पानांचा प्रबंध एक-दोन केबीचा कसा असेल?

विंडोज ११मध्ये चिठ्ठी करायची तर फाइलवर राइट क्लिक, ‘शो मोअर ऑप्शन्स’, ‘सेंड टू’, ‘डेस्कटॉप’. किंवा ऑल्ट दाबून धरून फाइल ओढा. ‘आडवाट’, ‘जवळची वाट’ हे शब्द कळांच्या जोडीला, म्हणजे कंट्रोल + सी वगैरेला शोभतील. या चित्राला माझं मत ‘पत्ताचिठ्ठी’ला.

उत्तरेश्वर पेठेतून
पुसलेल्या फाइली जिथं जातात त्या रिसायकल बिनला ‘कोंडाळा’ लिहा की! कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

राजारामपुरीतून
शब्द गोड आहे, पण अर्थ फसतो. कोंडाळ्यातला कचरा गाडीनं उचलला की संपलं. रिसायकल बिनमधली फाइल राइट क्लिक करून ‘रिस्टोअर’ म्हटलं की होती त्याच फोल्डरात परत जाते. म्हणजे हा माळा झाला, अडगळ टाकायचा. ‘एम्प्टी रिसायकल बिन’ केल्यावर मात्र कोंडाळा.

पत्रकात ठळक लिहावं असं एक : पेनड्राइव्हवरून पुसलेली फाइल या माळ्यावर येतच नाही, थेट जाते. शिफ्ट + डिलीट केलं तरी तेच. आणि माळ्याला मर्यादा असते. ती भरली की सगळ्यात जुनी फाइल आपोआप बाहेर पडते.

कसबा बावड्यातून
मान्य. ‘माळा’ घ्या.

मंगळवार पेठेतून
मिनिमाइझ आणि क्लोज?

उत्तरेश्वर पेठेतून
लोक बोलतात तेच : ‘खाली घ्या’ आणि ‘फुली मारा’. खाली घेतलेला प्रोग्रॅम चालूच असतो, टास्कबारवर, म्हणजे तळाच्या पट्टीवर, त्याच्या चित्राखाली बारीक रेघ दिसते. सगळ्या खिडक्या एकदम खाली घ्यायला विंडोज + डी, तेच पुन्हा दाबलं की परत वर. ‘बंद करा’ असं मोघम लिहू नका. त्यावर कुणी प्रोग्रॅम बंद करतं, कुणी मॉनिटरचं बटण दाबतं, तर कुणी भिंतीवरचा स्विच.

तसंच ‘डाव्या खालच्या कोपऱ्यातलं स्टार्ट’ ही जुनी ओळ काढा. विंडोज ९५पासून (विंडोज ८ सोडलं तर) ते बटण तिथं होतं, ११मध्ये मधोमध आलं. ‘विंडोजची कळ दाबा’ लिहिलं तर दोन्हीकडं चालतं. ज्यांना डावीकडंच हवं त्यांनी टास्कबारच्या रिकाम्या जागी राइट क्लिक करून ‘टास्कबार सेटिंग्ज’, ‘टास्कबार बिहेवियर्स’ उघडावं आणि अलाइनमेंट ‘लेफ्ट’ करावं.

राजारामपुरीतून
विंडोज + कंट्रोल + डी दाबलं तर दुसरा डेस्कटॉप उघडतो आणि नवखा घाबरतो, ‘माझं सगळं गेलं की ओ!’ गेलेलं काही नसतं. विंडोज + कंट्रोल + डावा बाण दाबला की पहिल्यावर परत. याला ‘दुसरं डेस्क’ म्हणू नका, कारण चित्रं आणि फाइली दोन्हीकडं त्याच राहतात, फक्त उघड्या खिडक्या वेगळ्या. ‘दुसरी मांडणी’ लिहा.